गोचीड आणि पांढरी चादर

पशुदवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते गुरांच्या मागून आपोआप चालत येतात. ऐंशीच्या दशकात कल्याणच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. औषधं संपायची, कापूस संपायचा, किस्से मात्र रिटायर झालो तरी उरलेत. आणि त्यातले निम्मे आमच्या डॉक्टर प्रधान मॅडमचे!

*

मॅडम पदर खोचून थेट म्हशीच्या पोटाखाली शिरायच्या. गोचीड दिसला की चिमट्याने काढून बाटलीत, आणि बाटली पर्समध्ये. कळव्याला एका लग्नात शेजारच्या बाईंनी आरशासाठी ती पर्स मागितली. हाताला बाटली लागली. "मुखवास का हो?" बाईंनी विचारलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नका खाऊ. म्हशीचं रक्त पिऊन फुगलेत ते." बाई न जेवताच घरी गेल्या.

*

मोहन्याला हिराजीबाबांच्या म्हशी होत्या आणि काकडीची वाडी. वाडी त्यांची सून सुमन बघायची. मांडवाच्या कडेने तिने रानफुलांचा एक पट्टा राखला होता. कुर्डू, तेरडा, रानतुळस, सगळ्याचं बी तिने स्वतः गोळा करून पेरलेलं. फुलांवर मधमाश्या येतात आणि तिथून काकडीच्या फुलांवर जातात, असं तिचं म्हणणं. शेजारणी हसायच्या, तण पेरणारी सून म्हणून. पण त्यांच्या काकड्या वाकड्या आणि हिच्या सरळ, भरलेल्या! मॅडम पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा म्हशी राहिल्या बाजूला, त्या माश्याच बघत बसल्या. मी आपला बॅग धरून उन्हात.

*

एका वर्षी पाऊस ओसरल्यावर बाबांच्या म्हशींना गोचिडांनी भंडावलं. एक म्हैस तापाने बसली ती उठलीच नाही. बाबांनी ठरवलं, हे सगळं सुनेच्या गवतातून येतंय, पट्टा कापून जाळायचा. विळ्याला धारही लावली.

सुमन रिक्षाने दवाखान्यात आली. "फुलं गेली तर माश्या जातील. माश्या गेल्या तर माझी काकडी गेली. बाबांना सांगा ना."

"सांगून नाही ऐकणार," मॅडम म्हणाल्या. "दाखवू या."

*

दाखवायचं म्हणजे पांढरी चादर झाडांवरून ओढायची. जनावर समजून गोचीड तिला चिकटतो आणि पांढऱ्यावर लगेच दिसतो. दवाखान्याच्या चादरी कधीकाळी पांढऱ्या असाव्यात. त्यामुळे कोपरीहून माझ्या घरची नवी कोरी चादर आली, बायकोला ऑफिसचं काम सांगून.

मॅडम आणि मी दोन टोकं धरून फुलांतून चाललो. अर्धं मोहने बांधावर. एका म्हातारीने तर चादरीला हळद-कुंकू वाहिलं! चादरीवर मुंग्या सापडल्या, एक कोळी सापडला, गोचीड एकही नाही. मग मॅडमनी गोठ्याच्या भिंतीच्या फटीत चिमटा घातला. तिथून इतके गोचीड निघाले की मी पुढे कित्येक दिवस अंग खाजवत होतो. मला मॅडमचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

बाबांनी सगळं नीट पाहिलं. मग म्हणाले, "चादरीत रगत नाय. गोचीड येल कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे तुमचा." बाबांनी सकाळी पट्टा कापणार म्हणून सांगून टाकलं. सुमन घरात निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमनी मला मोहन्याला नेलं. विळा बांधावर पडलेला आणि बाबा कुठेच नाहीत. सुमनने नुसतं बोट दाखवलं. फुलांच्या मधोमध, कमरेला फक्त रुमाल गुंडाळून, बाबा आडवे झाले होते. उजाडल्यापासून तसेच पडून आहेत म्हणे.

मॅडमनी वाकून म्हैस तपासावी तसं त्यांना तपासलं. मान, काखा, पाठ, कानांच्या मागे. सुमन पदराचं टोक दातात धरून उभी.

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या. "उठा आता, बाबा."

बाबा हलले नाहीत.

"थांब गो बाय," ते हळूच म्हणाले. "कानाशी फुलावर एक माशी बसलीय. तिचा जेवान होऊ दे."