पिस्तूल चाललं

आमच्या मिनेसोटातल्या गावात अमोस ग्रिग्स्बीला कोणी चांगला माणूस म्हटल्याचं मला आठवत नाही. तो शाळेची बस चालवायचा तेव्हा मुलं त्याला घाबरत, आणि मुलांचे आईबाप मुलांहून जास्त. मांडीत गोळी लागल्यावर तरी तो जरा मवाळ होईल, अशी गावाची अपेक्षा होती. मी त्याचा शेजारी. मला ती कधीच नव्हती.

गोळी कर्ट टोलेफसन या पोलिसाची. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी रस्ता बंद केला होता आणि अमोस स्वतःच्या दारातला ट्रक हलवायला तयार नव्हता. शब्दाने शब्द वाढला. विजेचा झटका देणारं टेझर टोलेफसनच्या कमरेला डावीकडे होतं, पिवळंधमक आणि हलकं. पिस्तूल उजवीकडे, काळं आणि जड. शिकवल्याप्रमाणे तो ओरडला, "टेझर! टेझर! टेझर!" तोंड बरोबर होतं. हात मात्र, नोकरीभर जिकडे जायचा सराव केला होता, तिकडेच गेला.

पाय अधू झाला आणि अमोसची बस चालवायची नोकरी गेली. शाळेने त्याला पिवळं जाकीट घातलं आणि मुलं रस्ता ओलांडताना 'थांबा'चा बोर्ड धरून उभं केलं.

टोलेफसनला कामावर परत घ्यायचं का, यावर नगरपालिकेत सुनावणी लागली. अमोसने आधीच कळवून टाकलं : त्याने 'मी गोळी झाडली' एवढं तोंडाने म्हणावं, मग माझी हरकत नाही.

"एवढ्यावर सोडतोयस त्याला?" त्याची बायको व्हर्ना म्हणाली.

"तो म्हणतोय कशाला!"

सुनावणीत टोलेफसन उभा राहिला. त्याने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने नकारार्थी मान हलवली.

"टेझर समजून... पिस्तूल चाललं," टोलेफसन म्हणाला. "झाल्या प्रकाराचा मला खेद आहे."

"चाललं?" अमोस काठी टेकत उठला. "वा! पिस्तूल चाललं. मीच तेवढा चालत नाही."

"मिस्टर ग्रिग्स्बी, खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कोणी चालवलं, एवढंच विचारतोय, बाई. का ते एकटंच फिरायला निघालं होतं?"

मी हसलो. माझ्याकडे रागाने पाहण्यात आलं.

टोलेफसनला कामावर घेण्यात आलं. निकालात शब्द हेच होते. कोणी घेतलं, ते त्यातही नव्हतं.

पुढच्या सोमवारी सकाळी त्याची गाडी शाळेपाशी आली. अमोसने बोर्ड वर केला. मुलं ओलांडून गेली, दप्तरांसकट वर्गात पोचली असतील, तरी बोर्ड वरच. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. टोलेफसनने काच खाली केली.

"मुलं गेली, अमोस. बोर्ड खाली घे."

"मी काय करू, ऑफिसर? बोर्ड वर गेला."

"तू धरलायस तो!"

"असं? मग म्हण की, कोणी काय धरलं होतं ते. एकच शब्द जास्त लागेल."

टोलेफसनचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग काच वर गेली. त्याने गाडी मागे घेतली, वळवली आणि निघून गेला.

हल्ली तो शाळेचा रस्ता टाळून गोदामांच्या बाजूने लांबून जातो. चौकीत कोणी कारण विचारलं, तर म्हणतो, गाडी वळली.