पिंपळपान आणि माझी विजेची पाटी

वसमतला बसस्टँडसमोर लग्नपत्रिका छापणारी तीन दुकानं आधीच होती. चौथं मी टाकलं. माझ्याकडे नवी गोष्ट एकच, पुण्याच्या मावसभावानं दिलेली चित्रं काढायची पाटी. वहीएवढी, काळी, वायरनं कॉम्प्युटरला जोडलेली. तिच्यावर तिचं खास पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटायची. तसली पाटी अख्ख्या तालुक्यात दुसरी नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

पण नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! गिऱ्हाइकाला नवं काही नकोच असायचं. "मामाच्या घरी व्हती तसलीच द्या," म्हणत लोक शेजारी जायचे. तिथल्या सीड्यांमध्ये गणपती, डोल्या, सनईवाले, सगळं तयार. माझ्या पाटीत एकही चित्र नाही, जे पाहिजे ते आपणच काढायचं. त्यात हात पाटीवर आणि डोळे पडद्यावर, त्यामुळे माझा कलश वांग्यासारखा यायचा.

बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "लगीनसराई सरंपर्यंत बघ. न्हाई चाललं तर दुकान बंद, अन् गुमान डी.एड. कर." मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मी दुकानात माशा मारायची आणि मनातल्या मनात सगळ्यांवर चिडायची.

मग हट्टा गावचे एक गुरुजी आले, बाबांच्या ओळखीचे. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. माझी पहिली पत्रिका! मी अशी हुरळले की पाटी बाजूला ठेवली, मैत्रिणीकडून आणलेल्या सीडीतली तयार चौकट उचलली, मजकूर बसवला आणि छापून गठ्ठा त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी वरची पत्रिका डोळ्यांजवळ धरली.

"पोरी, तू आपल्यातलीच ना? मंग आपल्या पत्रिकेवर गणपती काहून?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बौद्ध घरातली, बुद्धवंदना तोंडपाठ, आणि चौकटीच्या डोक्यावरचा गणपती मला दिसलाच नव्हता. गावभरच्या पत्रिकांवर तो पाहून पाहून नजर मेली होती. गुरुजींना तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पत्रिका वाटायला निघायचं होतं.

"संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबा, गुरुजी," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, कुणास ठाऊक.

आपल्या पत्रिकेवर गणपतीच्या जागी बोधिवृक्षाचं, म्हणजे पिंपळाचं पान हवं. सीडीत ते नव्हतं. तिन्ही दुकानांत विचारून आले, तिथंही नव्हतं. शेवटी स्टँडमागच्या पिंपळाचं पान तोडून आणलं आणि समोर ठेवून काढायला बसले. तेही वांगंच! वैतागून मी ते पानच पाटीवर ठेवलं आणि कडेकडेनं पेन फिरवलं.

पडद्यावर पान उमटलं. लांब टोकासकट, हुबेहूब! मध्ये पान असलं तरी पाटीला पेन कळत होतं. मी शीर न् शीर गिरवली आणि एकटीच ओरडले. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

संध्याकाळी गुरुजींनी नव्या पत्रिकेवरच्या पानावरून बोट फिरवलं. "ह्ये कुठं भेटतं?"

"कुठंच न्हाई. इथंच."

पुढच्या आठवड्यात कुरुंद्याहून दोन घरची माणसं आली. "गुरुजीच्या घरी व्हती तसली द्या." मग आणखी आली. एक मेंढपाळ त्याच्या मेंढ्याचा फोटो घेऊन आला, "लेकाच्या पत्रिकेवर ह्यो पायजे." फोटो पाटीवर ठेवला आणि शिंगांसकट मेंढा उतरवला. शेजारचे तिघे आपल्या तयार सीड्या उशाला घेऊन बसले, आणि मी ते डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला बोलू?

लगीनसराईच्या शेवटच्या आठवड्यात बाबा आले. बाकडं भरलेलं होतं. एक बाई त्यांना म्हणाल्या, "ओ दादा, नंबरानं या." आपण कोण ते बाबांनी सांगितलं नाही, मुकाट्यानं मागं जाऊन उभे राहिले. मी हातातलं काम संपवून वर पाहिलं.

"बाबा, तुमचं काय?"

"माझं काई न्हाई," ते म्हणाले. "तुह्या गिऱ्हाइकांला च्या सांगून येतो." आणि बाकड्यावरची माणसं त्यांनी मोठ्यानं मोजली, शेजारच्या तिन्ही दुकानांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.