सवण्यावरचा पत्रा

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि तो बिचारा तर माझं बोलणं ऐकून ऐकूनच लवकर गेला, असं घरात म्हणतात. देवापुढे हात जोडले, पण हे तेवढं गाळून बाकीचं सांगितलं. देवाला काय, कळत नसेल? पण आपण होऊन सांगणं वेगळं. आज तुम्हाला सांगते. बसा जरा.

कुठून सुरू करू? थंडीपासूनच करते.

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात ना — माझी थंडी त्याच्या पंधरा दिवस आधीच पळायची. सकाळचं ऊन अंगाला टोचायला लागलं की मला घरात बसवत नसे. वाकळा उन्हात घाल, भिंतीचे पोपडे पडलेत तिथे पांढऱ्या मातीचा हात फिरव, आतली चूल अंगणात आण. हे सगळं मला फार आवडायचं. अजून आवडतं. त्या दिवसांत माणूस उगीचच खूश असतो — आणि खुशीत कुणाचं काय बिघडतंय, ते दिसत नाही.

शेजारी चंद्रकला आणि तिचा नवरा, आसारामभाऊ. वडवणीच्या अलीकडचं आमचं गाव, दोन्ही घरं मातीची, मधली भिंत एक, वरची माळवदं, मातीची सपाट छपरं, एकमेकाला लागून. माझे यजमान गावातल्या दूध सोसायटीत माप घालायचे, म्हणून आम्ही बारा महिने घरी. ते दोघं दसरा झाला की कारखान्याच्या ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या तोंडावर परत. निघताना किल्ली माझ्या हातात.

"आक्का, घर तुज्या वटीत घातलंय बग," चंद्रा म्हणायची.

आणि आसारामभाऊ माळवदावर चढायचे. माळवदाच्या मधोमध उजेडासाठी, धूर जाण्यासाठी एक भोक ठेवतात — सवणं म्हणतो आम्ही त्याला. त्यावर पत्रा टाकायचा, पत्र्यावर दगड ठेवायचे. तेवढं झालं की घर बंद.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. पावसाळ्यात पाऊस नव्हता, गावात टँकर येत होता, गावातला आड कोरडा पडला होता. चंद्राच्या घरात आदल्या सालची ज्वारी होती, कणगीभर. ती ठेवून ते गेले होते, कारण परत आल्यावर पुढचा उन्हाळा तिच्यावरच निघायचा होता. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

फाल्गुनात मी चूल बाहेर आणली. वारा असा की जाळ टिकेना, भाकरी एकीकडून कच्ची. आडोसा हवा होता. नवऱ्याला चार दिवस म्हणत होते, तो हो हो करत होता. मग एका सकाळी मी कुरडया वाळत घालायला माळवदावर गेले आणि मला पलीकडचा पत्रा दिसला. छान, सरळ, चुलीच्या मापाचा. मी काय केलं असेल?

नेला. दगड बाजूला ठेवले, पत्रा उचलला, चुलीच्या अंगाला उभा केला. मनात काय आलं, तेही सांगते — पावसाळ्यात जो आला नाही, तो पाऊस आता कुठला येतोय? नवऱ्यानं विचारलं, पत्रा कुठला. म्हटलं, पडून होता.

इथवरचं तुम्ही माफही कराल. माझ्या जागी कुणीही नेला असता, असंही म्हणाल. पण अजून सांगून झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली आणि वडवणीच्या बाजूनं आभाळ भरून आलं. मी पाहिलं. ते मी पाहिलं, हेच तर सांगायचं आहे. वर धावले, माझ्या कुरडया गोळा केल्या, वाकळा गोळा केल्या — आणि त्या उघड्या सवण्याला वळसा घालून दोनदा गेले. पत्र्याची आठवण आली. आली होती. पण तव्यावर भाकरी होती, आणि पत्रा काढला असता तर चूल विझली असती. चार थेंब पडतील, म्हटलं. जातील.

गारा पडल्या. अर्धा तास. मग पाऊस.

तो थांबल्यावर किल्ली घेऊन गेले. दार उघडलं तर आत चिखल, कणगी सवण्यापासून हातभर अंतरावर, तिचं शेणाचं लिंपण विरघळलेलं. हात घातला तर ज्वारी थंड, ओली. त्यानंतर चार दिवस मी पाठ टेकली नाही. दाणा न् दाणा माळवदावर पसरला, हलवला, पाखडला. अर्ध्याला मोड आले, काळी पडली. अर्धी वाचली. भुई सारवली, त्यांच्या वाकळा वाळवल्या. आणि सगळ्यात शेवटी, कुणी बघत नाही असं पाहून, पत्रा वर नेऊन सवण्यावर अर्धवट टाकला. दगड एकच ठेवला. एकच का — ते तुम्हाला कळलं असेल.

पाडव्याच्या आधी ते आले. चंद्रानं कणगी पाहिली आणि हात घालून तळ चाचपला. मी म्हणाले, "वाऱ्यानं पत्रा सरकला आसंल." एवढंच. एका 'आसंल'वर मी सगळं उरकलं.

चंद्रा नवऱ्याकडे वळली. "किती डाव म्हनलं तुमाला, दगडं नीट ठिवा! आता काय खायाचं वर्सभर?"

आसारामभाऊ वर जाऊन आले. एक दगड पाहिला असणार. मग म्हणाले, "चुकलंच माजं. मला वाटलं, ठिवले व्हते." त्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना, आणि मी तिथेच उभी होते.

त्यात आणखी चंद्रा माझ्या गळ्यात पडली. "आक्का, तू व्हतीस म्हणून एवढं तरी ऱ्हायलं." मी माझ्यातली ज्वारी तिला दिली, तर गावभर सांगत सुटली की शेजार असावा तर असा. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं मी दुसऱ्या बायांना हसत आले जन्मभर!

पुढची वर्षं त्यांनी मला काय काय दिलं, काय सांगू? दरसाल चंद्रा परतली की उसाच्या पात्यांनी चिरलेल्या हातांनी आधी माझी भिंत सारवून द्यायची, मग स्वतःची. माझे यजमान पडले तेव्हा आसारामभाऊंनी त्यांना पाठीवर घेतलं आणि फाट्यापर्यंत नेलं. यजमान गेल्यावर वर्षभर मी एकटी जेवले नाही, चंद्रा ताट घेऊन यायची. मला मिळालं ते सख्ख्यांकडूनही कुणाला मिळत नाही. त्यातलं किती त्या चार दिवसांच्या पाखडण्यापोटी होतं आणि किती माझ्यापोटी, हे मला कधी विचारता आलं नाही.

आता दोन्ही घरांवर स्लॅब आहे. सवणी गेली, पत्रे गेले. परवा ऊन तापायला लागलं म्हणून मी वाकळा काढल्या, आणि दुपारी वारं सुटलं. आसारामभाऊ आता वाकलेत, गुडघे धरून चालतात. तरी जिना चढत होते — पाण्याच्या टाकीचं झाकण उडेल म्हणून. पोटाशी दगड धरलेला. एक ठेवला, खाली आले, दुसरा नेला. चंद्रा दारातून हसत ओरडली, "बग गं आक्का, त्या सालापास्नं ह्येंचं ह्ये आसंच चालू हाय!" तेही हसले आणि तिसरा घ्यायला वळले.

मी खालून म्हणाले, "भाऊ, हळू, पडाल."

मी तेवढंच म्हणाले. त्या वर्षीही त्यांनी चार दगड ठेवले होते, चारी कोपऱ्यांना, नीट. मी ते माझ्या हातानं एकेक करून उतरवले होते.