पत्रिका उघडू नका

लग्नसराई तोंडावर आली की बँकेतले साहेब आम्हा बुधवार पेठेतल्या दुकानदारांना गोळा करून सांगतात, "अनोळखी नंबरवरून आलेली लग्नपत्रिका उघडू नका." मी लग्नपत्रिकाच छापते. मी म्हटलं, "साहेब, माझं गिऱ्हाईक अनोळखीच असतं. ओळखीचे लोक फुकट छापून मागतात." सगळे हसले, साहेबही हसले.

मग एके दिवशी सकाळी 'पत्रिकेचा मजकूर' म्हणून एक फाईल आली. उघडताना फोनने तीनदा परवानगी मागितली आणि चहा पीत पीत मी तिन्ही वेळा हो म्हटलं. काहीच दिसलं नाही. थोड्या वेळाने एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो ताई, तुम्ही पाठवलेली पत्रिका कोरी दिसतेय." मी तर कुणालाच काही पाठवलं नव्हतं. शेजारच्या पुस्तकवाल्यांनी माझा फोन पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. फोनमध्ये चोर शिरला होता आणि माझ्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना तीच फाईल पाठवत सुटला होता. उघडली की त्यांचं बँक खातंही त्याच्या हातात.

दुसऱ्या कोणी पाठवली असती तर लोकांनी दहा वेळा विचार केला असता. पत्रिका छापणाऱ्या बाईने पाठवलेली पत्रिका कोण उघडणार नाही? इतकी वर्षं जपलेल्या माझ्या नावाचंच आमिष झालं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला.

फोन बंद केला. पावतीपुस्तकातले नंबर काढून पुस्तकवाल्यांच्या फोनवरून एकेकाला लावायला बसले. चौघांनी उचलला, बाकीच्यांनी नाही. का उचलतील? अनोळखी नंबर उचलू नका, हेही साहेबांनीच सांगितलेलं.

धायरीची एक बाई काही केल्या उचलेना. नवरा गेलेला, शिवणकाम करून एकटीने मुलीचं लग्न उभं केलेलं. लग्नासाठी साठवलेलं सगळं मायलेकींच्या दोन खात्यांत. त्यात मी तिला आजच पत्रिकेचा नमुना पाठवणार होते, म्हणजे ती वाटच पाहत असणार. मी पावतीवरचा तिचा पत्ता घेतला, शटर ओढलं आणि रिक्षा केली. सिंहगड रस्त्यावर गाड्या जागच्या हलेनात. "अहो, जरा घ्या ना पुढे," मी तिसऱ्यांदा म्हटलं. रिक्षावाले आरशात बघून म्हणाले, "उडवत नेऊ का?" एरवी मी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. त्या दिवशी रडूच यायचं बाकी होतं.

आमची गाठ आजवर फक्त फोनवर पडलेली. तिने दार अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "आधी तुमचा फोन बंद करा."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्यासमोरच माझा नंबर लावला. "त्यांचा फोन तर बंद हाय," ती म्हणाली आणि दार लोटू लागली. तो बंद फोन माझ्याच पर्समध्ये होता. मी मीच आहे हे सांगायला माझ्याकडे काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मी दाराला हात लावून धरला.

"मुलीच्या वडिलांच्या नावाआधी कै. लावू नका, असं तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं. "पोरीला बघवणार नाही, म्हणाला होतात."

दार उघडलं. "अगं बाई, तुमीच का त्या?" ती ओशाळली आणि मशीनवरचे कपडे बाजूला करून मला बसायला जागा करू लागली. "सकाळी तुमची पत्रिका आली, पण काय दिसंनाच. मग पोरीच्या फोनवरबी उघडून बघितली. तुमचंच नाव हुतं ना वर."