लाल ठिपक्याची दुरुस्ती

आता तुमच्यापासून काय लपवायचं? इकडे दक्षिणेत, आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मी ड्रॉइंग तपासतोय. माझ्या नजरेतून रणगाड्याचा साधा बोल्टही सुटत नाही! म्हणून तर घोळ झाला.

भाची केतकी शिकायला आमच्याकडे, वेस्ट मांबलमला राहते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिला संशोधनाचं पोस्टर मांडायचं होतं. पसंत पडलं तर थेट प्रयोगशाळेत जागा! पेनड्राइव्ह हातात देत म्हणाली, "मामा, फक्त छापून आणा. फक्त!"

'फक्त' म्हटलं की माझे हात शिवशिवतात.

दुपारची वेळ. सेल्वम अण्णांचं छपाईचं दुकान. पोटात दहीभात, डोक्यावर पेंगुळलेला पंखा. आणि पडद्यावर उंदराच्या गर्भाची चार चित्रं. काचेसारखी आरपार, निळसर, जणू पाण्यात सोडलेल्या चंद्रकोरी! बघता बघता मीही तरंगायला लागलो हो. आईच्या पोटात असाच निळा अंधार असेल का? असंच कोमट पाणी? आपणही कधीतरी असेच, वाटाण्याएवढे, कुणाच्या तरी भरवशावर…

आणि दचकलो! लाल ठिपका. 'थायरॉइड ग्रंथी.' पहिल्या चित्रात जिभेच्या मुळाशी, दुसऱ्यात जरा खाली, तिसऱ्यात आणखी खाली, चौथ्यात गळ्यात. एकच पार्ट, चार जागा? आमच्याकडे असं ड्रॉइंग सरळ रिजेक्ट!

"अण्णा, ते तिन्ही ठिपके गळ्यात आणा."

"सार, मुलीला एकदा विचारा की."

"अय्यो, विचारायचं काय त्यात? ग्रंथीला काय पाय असतात?"

"सरि, सार," बरं म्हणत अण्णांनी ठिपके खाली ओढले.

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेलो. पोस्टरची गुंडाळी मीच उलगडून टांगली, तोच परीक्षक बाई समोर आल्या. केतकी ऐटीत म्हणाली, "ग्रंथी जन्मते जिभेपाशी. मग जीन तिला वाट दाखवत दाखवत खाली…" आणि तिचं बोट हवेतच थबकलं.

अहो, ती ग्रंथी चुकली नव्हती, चालली होती!

बाई चष्मा सरसावून म्हणाल्या, "ही तर जागची हललीच नाही. कोणता जीन बंद केलास?"

"जीन सगळे चालू आहेत मॅडम. मामा मध्ये आले."

मी खांबाआड! पण पोरगी खमकी. मार्कर काढला, ठिपके जागच्या जागी केले, आणि कोणता जीन बंद पडला की ग्रंथी जिभेपाशीच अडकून बसते, तेही घडाघडा सांगितलं. जागा मिळाली!

निघताना बाई मला म्हणाल्या, "हा प्रवास अडवायला आम्ही एकेक जीन बंद करत वर्षं घालवतो. तुम्ही एका दुपारीत अडवलात. कमाल आहे!"

आणि मी, छाती फुगवून, "थँक्यू, मॅडम!"