तळ्याकाठचं कॉटेज आणि आईचा राग

मंडळी, आत्ताच लोणावळ्याहून लालबागला परतलोय. पाठ पार मोडून गेलीय, पण हे सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

आज आईला तळ्याकाठच्या एका कॉटेजवर नेलं होतं. वेताच्या खुर्च्या, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे, व्हरांड्यात पितळी कंदील आणि पाण्याकडे तोंड करून टांगलेला झोपाळा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत आई-बाबांचं नवीन लग्न झालं होतं. करी रोडच्या एका खोलीत अख्खं घर राहायचं. बाबांच्या साहेबांनी दोन दिवसांसाठी आपल्या अशाच कॉटेजची किल्ली दिली होती. निघायच्या दिवशी सकाळी बाबा "जरा मोर्चा बघून येतो" म्हणून गेले आणि त्यांना अटक झाली. सुटून आले, तर साहेबांनी किल्ली परत मागितली. पुढे ते जाणं राहूनच गेलं. आता बाबाही नाहीत.

म्हणून आजचा हा सगळा खटाटोप. पण आई झोपाळ्यावर थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "छान सजवलंय रे. चल, आता घरी जाऊया."

परतताना गाडीत मी विचारलं, "आई, तेव्हा बाबांचा खूप राग आला असेल ना?"

"आला होता की! एकटेच गेले मोर्च्याला. मलाही जायचं होतं."

इतकी वर्षं मला वाटायचं, तिचं कॉटेज हुकलं. तुमच्या आईला नेमकं कुठे जायचं होतं, हे तुम्ही कधी विचारलंत?