भिंतीवरचा मेलेला डबा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या स्टँडमागं मामांचं दुकान होतं. इतर दुकानांत जिथं देवाचा फोटो असतो, त्या जागी मामांनी एक जळका ॲल्युमिनियमचा डबा लाल दोऱ्यानं खिळ्याला टांगून ठेवला होता. नवीन गिऱ्हाईक आलं की खुर्ची द्यायच्या आधी ते त्या डब्याकडं बोट करायचे. "हे बघा आधी. हे म्या मारलेलं हाय. आता बसा."

निम्मी गिऱ्हाइकं बसतच नसत. मला सांगा, आपल्या हातून गेलेल्या पेशंटचा फोटो कुठला डॉक्टर दवाखान्याच्या दारात लावतो? मी मामांना हे तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "लावला पायजे." झालं. एवढंच बोलले आणि परत मान खाली घालून कामाला लागले. असल्या माणसाबरोबर चळवळ करायची म्हणजे काय ताप असतो, ते मला विचारा.

मामांचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. हल्लीच्या गाड्यांत ईसीएम नावाचा एक डबा असतो. इंजिनाला डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, हे तो ठरवतो. किल्ली घरची की परकी, हेही तोच ओळखतो. हे सगळं डब्यातल्या चिपवर लिहिलेलं असतं, आणि कंपनी त्याला कुलूप घालून देते, म्हणजे चिप दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये. डबा बिघडला की एजन्सीवाले म्हणतात, नवा घ्या, आमच्याकडूनच घ्या आणि येईपर्यंत थांबा. भंगारात त्याच मॉडेलचा चांगला डबा मिळतो. पण जुन्यातलं सगळं वाचून त्यात उतरवल्याशिवाय गाडी चालू होत नाही, आणि जुना तर कुलूपबंद! ते कुलूप काढणारा आमच्या भागात हा एकच माणूस होता. झाकण तापवून सोडवायचं, भिंगाखाली केसाएवढ्या तारा चिपला जोडायच्या, दुसरं टोक लॅपटॉपला लावायचं. हात जरा हलला तर चिप कोरी होते. मग जुना डबाही गेला आणि दुसऱ्यात उतरवायलाही काही उरत नाही.

आम्ही पाच-सहा जणांनी धाराशिवात दुरुस्तीच्या हक्काची मोहीम काढली, तेव्हा मी पहिलं पत्रक घेऊन मामांकडं गेले. 'गाडी आमची, कुलूप कुणाचं? तोडा ही कुलपं!' असा मथळा होता. रात्रभर जागून लिहिलेला, माझ्या मते जबरदस्त. मामांनी पत्रक भिंगाखाली धरलं. खरोखर भिंगाखाली! ओळीवरून ओळ वाचत गेले आणि शेवटी म्हणाले, "तोडा म्हंजे? तोडलं तर चिप जाती की. म्या उघडतो."

"मामा, घोषणा आहे ती."

"आसंल. पर चूक हाय."

त्या दिवसापासून माझं नाव घोषणा पडलं. मी दारात दिसले की ते शेजारच्या चहावाल्याला ओरडून सांगायचे, "आली रं घोषणा, एक कप वाढव!"

काम सुरू झालं की ते पंखा बंद करायचे. वाऱ्यानं सोल्डरिंग गार होतं म्हणे. ऐन मे महिन्यात, वर पत्रे तापलेले, आणि हा माणूस पूर्ण बाह्यांच्या शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेला! आम्ही घामानं निथळायचो. कुणी मोबाइलवर बोलायला लागलं की मान वर न करता म्हणायचे, "भाईर जाऊन बोला, इथं मानूस झोपलाय." मानूस म्हणजे तो टेबलावरचा डबा.

पण या सगळ्यापेक्षा जास्त डोकं फिरवायचा तो त्यांचा एक प्रश्न. डबा कुणीही आणो, ते विचारायचे, "मालक कुठाय?" गाडी ज्याच्या नावावर, तो माणूस समोर खुर्चीवर बसलेला असला पाहिजे. त्यानं भिंतीवरचा मेलेला डबा बघितला पाहिजे, ऐकून घेतलं पाहिजे आणि स्वतःच्या तोंडानं 'उघडा' म्हटलं पाहिजे. फोनवर चालायचं नाही, चिठ्ठीही नाही. जुन्या गाड्यांचा एक एजंट तुळजापूरहून यायचा. कुलूप काढा आणि किलोमीटर मागं घ्या, म्हणायचा. त्याला मामांनी हाकललं, ते योग्यच केलं. पण एका बड्या पुढाऱ्याचा ड्रायव्हर डबा घेऊन आला, त्यालाही तेच! "सायबाला म्हनाव, येऊन बसा खुर्चीवर." साहेब कशाला येतील? अशी नावं आमच्या मोहिमेला मिळाली असती तर एव्हाना आमचं निवेदन मुंबईपर्यंत गेलं असतं.

या प्रश्नानंच आमचा घात केला. बाजाराच्या दिवशी केला, भर माइकवर.

वत्सलाबाई नावाच्या एक बाई होत्या. वाशीच्या आसपासच्या भट्ट्यांवरून खवा गोळा करून आपल्या पिकअपमधून तुळजापूरच्या पेढेवाल्यांना पोचवायच्या. गाडीत पाणी शिरलं आणि डबा गेला. एजन्सीनं नेहमीचं उत्तर दिलं. खवा काही थांबत नाही, दुसऱ्या दिवशी आंबतो. शेजारच्या भूमचा एक व्यापारी टपलेलाच होता. त्याची गाडी त्याच भट्ट्यांवरून फिरायला लागली. आणखी थोडे दिवस गेले असते तर बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सगळ्या भट्ट्या त्याच्या झाल्या असत्या. त्यांचा पुतण्या गणेश गाडी चालवायचा. तोच डबा घेऊन आमच्याकडं आला आणि मला वाटलं, अन्याय दाखवायचा तर याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. आम्ही बाजारात टेबल मांडलं, माइक लावला, भंगारातून दुसरा डबा आणला. मामा सगळ्यांदेखत कुलूप काढणार, गाडी तिथंच चालू होणार! एजन्सीचा एक इस्त्रीच्या शर्टातला माणूसही गर्दीत येऊन उभा राहिला. मी दणकून भाषण केलं. टाळ्या पडल्या. मामांनी चष्मा पुसला, सोल्डरिंग तापवलं आणि गणेशकडं बघितलं.

"मालक कुठाय?"

"मीच की मामा."

"गाडी कुनाच्या नावावर हाय?"

"चुलतीच्या."

"मग चुलती कुठाय?"

"घरी. तिला काय कळतंय त्यातलं? तुमी करा, मी सांगतो तिला मागून."

मामांनी सोल्डरिंग खाली ठेवलं, प्लग काढला, वायर गुंडाळली. मी माइकवर हात ठेवून कुजबुजले, "मामा, अहो लोक बघतायत." ते मोठ्यानं म्हणाले, "बघू दे की. चुलतीला आना, मग बघा." माझा हात माइकवर नीट बसला नव्हता, अख्ख्या बाजारानं ऐकलं. कांदेवालीपासून सगळे हसले. एजन्सीवाला तर पुढं येऊन म्हणाला, "बघा मॅडम, तुमच्याच माणसाचा हात पुढं होईना."

मी दुकानात जाऊन मामांवर जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. कंपनीची दलाली करता का, असंही विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं मान वळवली.

"ह्यो डबा तामलवाडीच्या एका ड्रायव्हरनं आनला हुता. मालकाला म्हाईत हाय म्हनला. म्हाईत नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, गुपचूप नीट करून द्यावं, मालक खूश हुईल. माझ्या हातानं जळला. मालकानं त्याला कामावरनं काढलं. म्या जाऊन सांगितलं, चूक माझी हाय. मालक म्हनला, तुमाला आनून दिला कुनी?" मग म्हणाले, "त्यो ड्रायव्हर मला एक शिवी बी दिऊन गेला न्हाय बघ."

मी म्हटलं, वाईट झालं. पण एका ड्रायव्हरपायी जिल्ह्यातल्या, एमएच पंचवीसच्या सगळ्या गाड्या अडवून धरणार का? आजही माझं तेच म्हणणं आहे.

दोन दिवसांनी वत्सलाबाई स्वतः एसटीनं आल्या. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत डबा. आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. "मला आनल्याबिगर हुईना व्हय तुमचं?" मामांनी भिंतीकडं बोट केलं, पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं.

"किती मारले आसं?" बाईंनी विचारलं.

"एक."

"माझा मेला तर?"

"तर दोन टांगीन."

बाईंनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नको. ऱ्हाऊ द्या." डबा पिशवीत घातला आणि निघाल्या!

मला तर वाटलं, आता डोकं त्या भिंतीवर आपटावं. मी त्यांच्या मागं स्टँडपर्यंत पळाले. ताई, तुमचा हक्क आहे, तुमच्या भट्ट्या जातील, कंपनी लुटते, सगळं सांगितलं. बाई एसटीच्या पायरीवरून म्हणाल्या, "पोरी, माझं हाय म्हनतीस आन् मलाच ठरवू दीनास व्हय?" गाडी गेली. परत आले तर मामा चहा पीत होते. मी म्हटलं, "झालं समाधान?" ते म्हणाले, "न्हाय म्हनली. न्हाय म्हनायला बी मालकच लागतो." त्या वेळी मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी पुढच्या बाजारापर्यंत वाशीला पाय ठेवला नाही.

पुढच्या बाजारी गेले, तर वत्सलाबाई खुर्चीवर बसलेल्या. त्या मधल्या दिवसांत एकट्या एजन्सीत जाऊन आल्या होत्या. नवा डबा कधी येईल, विचारलं. नक्की सांगता येत नाही. तो बिघडला तर? पुन्हा आमच्याकडंच. आणि कुणी उघडून बघितला तर? बाहेरच्यानं हात लावायचाच नाही. "म्या म्हनलं त्येला," बाई सांगत होत्या, "दूध माझं, भट्टी माझी, गाडी माझी, आन् माझ्या डब्याला हात कुनी लावायचा ते तू सांगनार? मग उठलेच." मामांकडं वळून म्हणाल्या, "उघडा. मेला तर माझा मेला."

मामांनी पंखा बंद केला. गणेश बाहेर उभा. झाकण तापलं, सुटलं. तारा लागल्या. लॅपटॉपवर आधी लाल अक्षरं आली, परत आली. मामांनी एक तार काढून पुन्हा जोडली. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. मग पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. पट्टी टोकाला पोचल्यावर मामांनी तारा सोडवल्या आणि डब्यातली ती उघडी, कोमट सर्किटची पाटी बाईंच्या तळहातावर ठेवली. "धरा. तुमचं हाय." बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. वाचलेलं सगळं मामांनी भंगारातल्या डब्यात उतरवलं आणि पिकअप संध्याकाळी चालू झाली.

पुढं भट्ट्याभट्ट्यांवर मोहीम पोचली ती त्या बाईंच्या तोंडून, माझ्या पत्रकातून नव्हे. भूमच्या व्यापाऱ्याकडं गेलेल्या भट्ट्याही एकेक करून परतल्या. मामा बरोबर होते, असं मी तरीही म्हणणार नाही. बाई आल्याच नसत्या तर? हा प्रश्न मी त्यांना कैक वेळा विचारला. उत्तर म्हणून दर वेळी चहाच मिळाला.

मागच्या उन्हाळ्यात मामांचा उजवा हात थरथरायला लागला. ज्या दिवशी लक्षात आलं त्याच दिवशी त्यांनी दुकानाबाहेर पाटी लावली, 'काम बंद'. मी म्हटलं, निदान राहिलेली कामं तरी उरका, मालक सगळे आलेत, हो म्हणतायत. ते म्हणाले, "डब्याचे मालक हो म्हनत्यात. हाताचा मालक न्हाय म्हनतोय." लेकीकडं लातूरला जायचं ठरलं. सामान बांधायला मी गेले होते. भिंग, सोल्डरिंग, लॅपटॉप, सगळं त्यांनी आमच्या मोहिमेला दिलं. शेवटी स्टुलावर चढून खिळ्यावरचा तो मेलेला डबा काढला, धूळ फुंकली आणि माझ्यासमोर धरला. "घे घोषणा. तुमच्या हापिसात लाव."

मी हात मागं घेतला आणि इतक्या वर्षांचा वचपा काढला. "याचा मालक कुठाय?"

मला वाटलं, आता शिवी येणार. मामा हळूच खाली उतरले, डबा आपल्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "तामलवाडीला."

चार-सहा दिवसांनी लातूरहून फोन आला. जाताना वाट वाकडी करून ते तामलवाडीला जाऊन आले होते.

"दिला," म्हणाले.

"काय म्हणाला मालक?"

"हे काय हाय, म्हनला. त्येला यादच न्हाय."

माझ्या रागाचा बांधच फुटला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो जळका डबा दाखवत बसला, निम्मी गिऱ्हाइकं घालवली, भर बाजारात आमची शोभा केली, आणि ज्याचा डबा त्याला आठवतसुद्धा नाही! फोनवर मी काय काय बोलले मलाच ठाऊक. मामांनी नेहमीसारखं सगळं बोलू दिलं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले,

"ड्रायव्हरला हाय याद. चा पाजला त्येनं."